करार फुटबॉलचा, फरफट सगळ्यांची

प्रति,
पॅक-ट्वेल्व्ह कॉन्फरन्स सोडून गेलेल्या दहा विद्यापीठांचे अध्यक्ष आणि चान्सलर यांस

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी बरेच जण २०२२-२३ मध्ये या खुर्चीवर नव्हते, हे मला ठाऊक आहे. ज्यांनी सह्या केल्या त्यांतले कुणी निवृत्त झाले, कुणी दुसरीकडे गेले. पण सही विद्यापीठाची असते, म्हणून हे पत्र तुमच्या नावे. आणि ते मराठीत, कारण तुमच्याकडे एमएस करून इथेच स्थिरावलेली आणि आता मुलांच्या फीचे हप्ते भरणारी पुष्कळ मराठी माणसं आहेत. त्यांतली मी एक. आमच्यातल्या बहुतेकांना शनिवारी गावात ट्रॅफिक का तुंबतं, यापलीकडे या विषयाशी देणंघेणं नसतं. ते असायला हवं.

त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. इथली विद्यापीठं गट करून आपसांत खेळतात. त्या गटाला कॉन्फरन्स म्हणायचं. हे गट मुळात नकाशा बघून केलेले, शेजारपाजारच्या विद्यापीठांचे. पॅसिफिक किनाऱ्यावरचा गट, म्हणजेच पॅक-ट्वेल्व्ह, १९१५ सालचा. चार विद्यापीठांनी तो सुरू केला आणि त्या चारांत आजचं ओरेगन स्टेट होतं. पुढे गट वाढत बारावर गेला. २०२३ च्या सप्टेंबरात त्यात दोन विद्यापीठं उरली: कॉर्व्हॅलिसचं ओरेगन स्टेट आणि पुलमनचं वॉशिंग्टन स्टेट. बाकी दहा तुम्ही. लॉस एंजेलिसची यूएससी आणि यूसीएलए, शिवाय ओरेगन आणि वॉशिंग्टन, हे चौघे बिग टेनमध्ये, म्हणजे ओहायो-मिशिगनच्या मुलखात. कोलोरॅडो, यूटा आणि ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट ही दोन्ही बिग ट्वेल्व्हमध्ये. स्टॅनफर्ड आणि बर्कली तर थेट अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये (एसीसी).

टीव्हीने खेळाची वाट लावली, असं म्हणायची इथे पद्धत आहे. मला ते पुरतं पटत नाही. १९८४ पर्यंत कॉलेज फुटबॉलचे टीव्ही हक्क एनसीएए या मध्यवर्ती संस्थेच्या मुठीत होते. (फुटबॉल म्हणजे अर्थातच हेल्मेट घालून खेळतात तो.) एका संघाला दोन वर्षांत फार तर सहा वेळा पडद्यावर दिसता येई; सामने घरबसल्या दिसू लागले तर स्टेडियम ओस पडतील, ही धास्ती. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया त्याविरुद्ध कोर्टात गेले आणि सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी ती मक्तेदारी मोडली. विरोधी मत लिहिलं न्यायमूर्ती बायरन व्हाइट यांनी. ते स्वतः कोलोरॅडो विद्यापीठाचे, म्हणजे तुमच्यातल्याच एकाचे, गाजलेले फुटबॉलपटू. कॉलेजचा खेळ म्हणजे निव्वळ नफ्याचा धंदा असं धरून त्याला कायदा लावू नका, असा त्यांच्या म्हणण्याचा गाभा. कायदा म्हणून बघितलं तर बहुमताचंच बरोबर होतं, असं माझं मत. पण मैदानात उतरलेल्या माणसाला पुढचं दिसत होतं. हक्क कॉन्फरन्सच्या हाती आले आणि कोण किती प्रेक्षक घेऊन येतो यावर कॉन्फरन्सची हद्द ठरू लागली.

न्यू जर्सीतल्या रटगर्स विद्यापीठाचं उदाहरण घ्या. कॉलेज फुटबॉलचा पहिला सामना १८६९ मध्ये त्यांच्याच गावात झाला, पण त्यांना २०१४ मध्ये बिग टेनने आपल्यात घेतलं ते त्या पुण्याईवर नव्हे आणि संघ बलाढ्य होता म्हणून तर नव्हेच. बिग टेनचं स्वतःचं केबल चॅनल २००७ पासून चालू होतं. रटगर्स आलं की न्यू यॉर्क परिसरातल्या घरोघरच्या केबल बिलात त्या चॅनलचे पैसे लागू होणार, सामना बघा वा न बघा. न्यू जर्सीत केवळ देशी सिरियल्ससाठी केबल घेतलेल्या किती आज्यांनी नकळत बिग टेनला हातभार लावला असेल, देव जाणे.

तुमची गोष्ट याच्या पुढची. केबलची घरं गळू लागली तेव्हा टीव्हीवाल्यांना हवे होते मोठ्या नावांचे मोठे सामने. ३० जून २०२२ रोजी यूएससी आणि यूसीएलए यांनी बिग टेनमध्ये जायचं जाहीर केलं आणि दीडेक महिन्यात बिग टेनने फॉक्स, सीबीएस, एनबीसी यांच्याशी सात वर्षांचा, ७०० कोटी डॉलरहून मोठा करार केला. उरलेल्या दहा जणांना घेऊन पॅक-ट्वेल्व्ह वर्षभर गिऱ्हाईक शोधत फिरली. कोलोरॅडोने जुलै २०२३ मध्ये काढता पाय घेतला. हाती उरला ॲपलचा प्रस्ताव, आणि त्यातली कमाई लोक किती वर्गणी भरतात यावर अवलंबून. ४ ऑगस्टच्या शुक्रवारी एका दिवसात पाच विद्यापीठं गेली. वॉशिंग्टन आणि ओरेगन यांनी बिग टेनमध्ये इतरांच्या निम्म्या वाट्यावर प्रवेश घेतला. स्टॅनफर्ड आणि बर्कली त्याहून कमी वाट्यावर, सुरुवातीची कित्येक वर्षं तीस टक्क्यांच्या आसपास, एसीसीत गेले. बर्कलीची निकड कळते. हेवर्ड फॉल्ट, म्हणजे भूकंपाची भेग, त्यांच्या स्टेडियमच्या बरोबर खालून जाते, आणि ते डागडुजून उभं ठेवायला काढलेलं कर्ज कोट्यवधी डॉलरचं आहे.

इथवर मी तुम्हाला फार दोष देत नाही. घरातले दोन कर्ते निघून गेल्यावर बाकीच्यांनी मिळेल तो आसरा शोधला. दोष पुढच्या गोष्टीचा आहे.

टीव्हीवाल्यांनी पैसे मोजले ते फुटबॉलसाठी. थोडे बास्केटबॉलसाठी, चला तेही धरू. सॉफ्टबॉल, टेनिस, सॉकर, मुलींचा व्हॉलीबॉल यांच्यासाठी फॉक्सने ७०० कोटी मोजलेले नाहीत. फुटबॉलचे सामने वर्षाला बारा. त्यांतले बाहेरगावचे पाच-सहा, तेही आठवड्यातून एकदा, बहुधा शनिवारी, चार्टर विमानाने. त्या संघाने लॉस एंजेलिसहून न्यू जर्सीला जाऊन यावं. वर्षातून एखाददुसऱ्या वेळी कुणाचं काही बिघडत नाही. पण त्या कराराच्या शेपटाला तुम्ही बाकीचे सगळे खेळ बांधून टाकलेत. लॉस एंजेलिस ते रटगर्स जवळपास चार हजार किलोमीटर. मुंबईहून सिंगापूर तेवढंच.

आणि हे टाळता येत होतं, याचा पुरावा तुमच्याच आवारात आहे. यूसीएलएच्या मुली व्हॉलीबॉल खेळतात बिग टेनमध्ये. मेरिलंड, पेन स्टेट, रटगर्स यांच्याशी. त्याच यूसीएलएची मुलं तोच खेळ खेळतात माउंटन पॅसिफिक स्पोर्ट्स फेडरेशन नावाच्या संघटनेत. यूएससी, पेपरडाइन, स्टॅनफर्ड यांच्याशी. कारण काय, तर बिग टेन पुरुषांच्या व्हॉलीबॉलची स्पर्धा भरवतच नाही. विद्यापीठ एक, खेळ एक, पण मुलांचा पेपरडाइनचा सामना बसने जाऊन संध्याकाळी परत यावं असा, आणि मुली तीन टाइम झोन ओलांडून जातात. वॉटर पोलोचंही तसंच. बिग टेनला त्यात रस नाही म्हणून तो सुखरूप कॅलिफोर्नियात राहिला. टीव्हीला आणि कॉन्फरन्सला ज्याची गरज नाही तोच खेळ घराजवळ राहू शकला, हा उफराटा न्याय एकाही बैठकीत कुणाला खटकला नसेल का?

नोटर डेमचं बघा. त्यांचा फुटबॉल संघ कुठल्याच कॉन्फरन्समध्ये नाही, एनबीसीशी त्यांचा १९९१ पासून स्वतंत्र करार. बाकीचे बहुतेक खेळ एसीसीत. पुरुषांची आइस हॉकी बिग टेनमध्ये. एका विद्यापीठाचे तीन पत्ते, आणि आकाश काही कोसळलेलं नाही. यूसीएलएच्या तत्कालीन फुटबॉल प्रशिक्षकांनीच जाहीरपणे म्हटलं होतं की फुटबॉल वेगळा काढा आणि बाकीच्यांना घराजवळ खेळू द्या. ज्याच्या खेळासाठी हा सगळा खटाटोप झाला तो माणूस हे सांगत होता.

माझ्या मैत्रिणीची मुलगी तुमच्यापैकी एका विद्यापीठात टेनिस खेळते. कुठल्या ते सांगत नाही. गुरुवारी पहाटे निघायचं, मध्ये एक विमान बदलायचं, शुक्रवारी एक लढत, रविवारी दुसऱ्या गावी दुसरी, आणि रविवारी रात्री परत. गेल्या वर्षी तिने ऑरगॅनिक केमिस्ट्रीची मिडटर्म दिली ती हॉटेलच्या नाश्त्याच्या खोलीत. समोर सुपरवायझर म्हणून असिस्टंट कोच, आणि मागे वॉफलचं मशीन दर दोन-तीन मिनिटांनी पीं पीं करणारं. परतीचं विमान शिकागोत चुकलं. खोलीवर पोचायला पहाटेचे अडीच, आठला लॅब. आईने दिलेल्या भाकरवडीच्या पुड्यावर सगळ्या टीमने विमानतळावर रात्र काढली, हे मात्र ती हसत हसत सांगते. तिची तक्रार नाही. वीस वर्षांच्या मुलीला यातलं काहीच जड वाटत नाही, आणि संघातली जागा जाईल या भीतीने वाटलं तरी ती बोलणार नाही. तक्रार माझी आहे.

आपल्याकडच्या लोकांना टेनिसचं नाव काढलं की कळेल म्हणून सांगते: ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एम विद्यापीठाकडून खेळली. पुढे २०२३ मध्ये हांगझोच्या एशियन गेम्समध्ये तिने रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्णपदक जिंकलं. उंच उडीतला तेजस्विन शंकर कॅन्सस स्टेटचा. अमेरिकेचे ऑलिंपिकवीर बहुतांशी याच कॉलेजांच्या मैदानांवर तयार होतात आणि जगभरातलेही कितीतरी. हे सगळं फुटबॉलच्या पैशावर चालतं, हे मी नाकारत नाही. प्रश्न एवढाच की पैसा फुटबॉलचा म्हणून प्रवासही फुटबॉलच्याच नकाशाने का?

यावर तुमचं एक उत्तर मी ऐकलेलं आहे: मुलींनाच मोठ्या संघांशी खेळायला आवडतं. नेब्रास्काशी, विस्कॉन्सिनशी. खरं आहे. मग नेब्रास्काचंच बघू. ३० ऑगस्ट २०२३ रोजी लिंकन गावच्या फुटबॉल स्टेडियममध्ये नेब्रास्काच्या मुलींचा व्हॉलीबॉलचा सामना बघायला ९२,००३ लोक आले. महिलांच्या सामन्याला एवढी गर्दी अमेरिकेने पूर्वी पाहिली नव्हती. समोर कोण होतं? ओमाहा. त्याच राज्यातलं, गाडीने तासाभरावरचं, बिग टेनमध्ये नसलेलं विद्यापीठ.

आता मागे राहिलेल्यांविषयी. मी सिॲटलजवळ राहते. पुलमन इथून गाडीने पाचएक तास, गव्हाच्या टेकड्यांमध्ये. गावाची वस्ती तीस-पस्तीस हजार, स्टेडियमही साधारण तेवढंच. तिथल्या हॉटेलवाल्यांचं वर्ष त्या सहा-सात शनिवारांवर उभं असतं. ईएसपीएनचा दर शनिवारी सकाळचा जो फुटबॉलचा कार्यक्रम आहे, त्याच्या मागच्या गर्दीत २००३ पासून वॉशिंग्टन स्टेटचा किरमिजी झेंडा फडकतो. कार्यक्रम कुठल्याही गावात असो, खेळणारे कुणीही असोत. माजी विद्यार्थी तो पार्सलने एकमेकांना पाठवतात, गावातला कुणीतरी पहाटे उठून बांबूला लावून उभा राहतो. टीव्हीची एवढी फुकट सेवा दुसऱ्या कुणी केली असेल असं वाटत नाही. टीव्हीच्या हिशेबात मात्र पुलमनची घरं भरली फार थोडी.

जून २०२५ मध्ये याच विद्यापीठाने ॲथलेटिक्समधल्या उड्या आणि फेकीचे प्रकार बंद केले, जवळच्या पल्ल्याच्या शर्यतींना कात्री लावली. ठेवलं ते लांब पल्ल्याचं धावणं. इथेच शिकत असताना १९७८ मध्ये केनियाच्या हेन्री रोनोने ८१ दिवसांत चार विश्वविक्रम मोडले होते. नशीब, तो धावपटू होता. थाळीफेक करणारा असता तर त्याचा वारसाही त्या कात्रीत गेला असता.

वॉशिंग्टन आणि वॉशिंग्टन स्टेट यांच्यातला फुटबॉलचा वार्षिक सामना, ॲपल कप, पूर्वी थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात व्हायचा. दोघे एका कॉन्फरन्समध्ये राहिले नाहीत, त्यामुळे २०२४ मध्ये तो सप्टेंबरात आला. १४ सप्टेंबर, म्हणजे ऐन गणपतीत. आमच्या ओळखीच्या घरी आरतीला जमलेल्यांत निम्मे वॉशिंग्टनचे, चार-पाच जण पुलमनचे. प्रसादाच्या रांगेत प्रत्येकाच्या हातात फोन. शेवटच्या मिनिटांत वॉशिंग्टनला गोल लाइनवर अडवून पुलमनने सामना २४-१९ असा जिंकला तेव्हा एका काकांनी मोदकाचं ताट हातात असताना जी आरोळी ठोकली, ती बाप्पालाही ऐकू गेली असणार. नोव्हेंबरच्या थंडीतल्या त्या सामन्याला जे वजन होतं, ते काही या सप्टेंबरच्या सामन्याला नव्हतं. तो आता चालू आहे तो दोघांच्या मर्जीवर. ओक्लाहोमा एसईसी या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये गेलं तसा ओक्लाहोमा स्टेटशी त्यांचा शंभर वर्षांहून जुना सामना २०२३ नंतर बंदच झाला. इथेही तसं होणार नाही याची हमी कुणी दिलेली नाही.

पैशाबद्दल थोडं. खेळाडूंना आता वाटा द्यावा लागतो म्हणून जास्त पैसा लागतो, असं हल्ली तुम्ही सांगता. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार पहिल्या वर्षी एक विद्यापीठ आपल्या खेळाडूंना २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत देऊ शकतं. खेळाडूंना पैसे मिळाले, फार उशिरा मिळाले, आणि ते योग्यच झालं. पण तुमच्या सह्या त्याआधीच्या आहेत. २०२२ आणि २०२३ मध्ये हा खर्च तुमच्या वहीत नव्हता. पैसा तेव्हा कुठे जात होता हे बघायचं तर ऋतुजाच्याच विद्यापीठाने २०२३ च्या नोव्हेंबरात काय केलं ते बघा: फुटबॉलच्या प्रशिक्षकाला काढून टाकलं आणि करारातला उरलेला हिशेब म्हणून त्याला सुमारे साडेसात कोटी डॉलर देणं मान्य केलं. काम न करण्याचे. त्या रकमेत किती टेनिस संघ किती वर्षं चालतील, हे तुमच्या अर्थशास्त्र विभागातलं कुणीही दुपारच्या चहापर्यंत काढून देईल.

एक गोष्ट मात्र चांगली झाली, ती नोंदवते. यूसीएलए आणि बर्कली ही दोन्ही कॅलिफोर्निया राज्याचीच विद्यापीठं, नियामक मंडळ एकच. धाकटं निघून गेल्यामुळे थोरल्याचं नुकसान झालं, म्हणून मंडळाने यूसीएलएला दरवर्षी १ कोटी डॉलर बर्कलीला द्यायला लावले. अशी तजवीज वॉशिंग्टन आणि ओरेगन राज्यांत झाली नाही. तिथेही निघून गेलेलं आणि मागे राहिलेलं, दोन्ही विद्यापीठं राज्याचीच, करदाते तेच. सिॲटल आणि यूजीनच्या, म्हणजे वॉशिंग्टन आणि ओरेगन विद्यापीठांच्या, अध्यक्षांना माझं थेट विचारणं आहे: पुलमनला आणि कॉर्व्हॅलिसला तुम्ही काय देणं लागता, याचा आकडा कधी मांडलात का? त्या दोघांना उरलेल्या कॉन्फरन्सचा ताबा मिळवायलाही पुलमन जिच्यात येतं त्या व्हिटमन काउंटीच्या कोर्टाची पायरी चढावी लागली. समोर तुम्ही दहा जण होतात.

त्यांनी पुढे काय केलं तेही बघा. २०२६ पासूनच्या नव्या पॅक-ट्वेल्व्हसाठी त्यांनी बॉइसी स्टेट, सॅन डिएगो स्टेट, फ्रेस्नो स्टेट, कोलोरॅडो स्टेट, यूटा स्टेट आणि गोन्झागा असे शेजारी गोळा केले. लांबचं म्हणावं असं एक टेक्सास स्टेट. गोन्झागा स्पोकॅनमध्ये, पुलमनहून दीड तासावर. ज्यांना कुणी घेतलं नाही त्यांचा नकाशा आज तुमच्या नकाशापेक्षा शहाणा आहे.

म्हणून मागणं असं. फुटबॉल जिथे नेलात तिथे राहू द्या, बास्केटबॉलही. टेनिस, सॉफ्टबॉल, सॉकर, पोहणं, मुलींचा व्हॉलीबॉल हे परत पश्चिमेत आणा. माउंटन पॅसिफिक फेडरेशनची चौकट तयार आहे, नवी पॅक-ट्वेल्व्ह आहे, तुम्ही दहा जणही अजून एकमेकांचे शेजारीच आहात. तोवर दर सत्राच्या शेवटी प्रत्येक संघाने किती किलोमीटर प्रवास केला आणि खेळाडूंचे किती तास बुडाले, हे वेबसाइटवर टाका. फुटबॉलचे तिकीट दर टाकता तिथेच टाकलंत तरी चालेल.

यात अडचणी आहेत. कॉन्फरन्सचे नियम आहेत, राष्ट्रीय स्पर्धेतल्या थेट प्रवेशाचे प्रश्न आहेत, करारातली कलमं आहेत. पण ती कलमं तुमच्याच वकिलांनी लिहिलेली आहेत. बिग टेनचा टीव्ही करार २०२९-३० च्या हंगामाबरोबर संपतो, बिग ट्वेल्व्हचा त्यानंतर वर्षभराने. एसीसीचा मात्र २०३६ पर्यंत आहे, तेव्हा स्टॅनफर्ड आणि बर्कलीला आधी तोंड उघडावं लागेल. नव्या बोलण्या मुदतीच्या बऱ्याच आधी सुरू होतात. फॉक्स किंवा एनबीसीचे लोक टेबलाशी बसतील तेव्हा फुटबॉल आणि बास्केटबॉल सोडून बाकी खेळ कराराच्या बाहेर, एवढं एक वाक्य मसुद्यात घाला. ते हरकत घेतील असं मला वाटत नाही. त्यांना ते खेळ कधी नकोच होते.

कळावे,

आपली,
एक माजी विद्यार्थिनी
सिॲटल परिसर, वॉशिंग्टन राज्य